पाव मैल जमीन

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. आमचा आजा दोन फर्लांग म्हणाला असता. मोटारींची सरळ रेषेतली शर्यत, जिला सगळीकडं ड्रॅग रेस म्हणतात, ती एवढ्या अंतराची असते. चांगल्या गाडीला तेवढं तोडायला दहा-बारा सेकंद पुरतात. पण रेघ ओलांडली म्हणून गाडी थांबत नाही. तिला आवरायला पुढं निदान दुप्पट रस्ता मोकळा ठेवावा लागतो. झाले बाराशे मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी धावणार, वर कडेला सांडायला जागा, म्हणून रुंदी साठ फूट धरा. सगळं मिळून साडेपाच एकरांच्या आत बसतं. साडेपाच एकर आमच्या ठाणाकुशनूरच्या शिवारात पुष्कळांकडं आहे. मात्र बाराशे मीटर लांब आणि साठ फूट रुंद असा तुकडा एकाचाही नाही. तेवढी सरळ पट्टी काढायची तर कितीतरी धुरे ओलांडावे लागतील, आणि आमच्याकडं हातभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात.

हा हिशेब मी एका पोराला करून दाखवला. माझं गॅरेज ट्रॅक्टरचं आणि जीपचं. दुचाक्या नको म्हणलं तरी येतातच. हा पोरगा दुचाकी घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, रेसर व्हायचंय. सायलेन्सर कोणता टाकू?" मी म्हणलं, सायलेन्सरचं नंतर बघू, आधी जमीन कुठाय ते सांग. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. वेगाचा इतिहास लोक इंजिनापासून सांगायला लागतात. मी तो जमिनीपासून सांगतो, कारण इंजिन विकत मिळतं. सरळ, सपाट, मोकळी पट्टी मात्र चार जणांनी मिळून सोडावी लागते.

मोटार यायच्या आधीपासून आमच्याकडं असा एक दिवस आहे. ज्येष्ठातली पौर्णिमा, कारहुणवी. मराठवाड्यात पोळ्याचा थाट मोठा. आमच्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात मात्र पेरणीच्या तोंडावर येणारी ही कारहुणवी बैलांची. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, बेगड लावायची, गोडधोड चारायचं आणि संध्याकाळी वेशीबाहेर न्यायचे. वेशीत आडवी कर बांधलेली असते, पानापाल्याचा जाड दोर. बैल गावाकडं तोंड करून सुटतात आणि जो आधी पोचून कर तोडतो तो त्या वर्षाचा मानकरी. पांढरा बैल पुढं आला तर रब्बीची ज्वारी पिकणार, तांबडा आला तर खरीप साधणार. हा अंदाज किती वेळा खरा ठरला ते मी सांगत नाही. हवामान खात्याचंही आपण विचारत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. वेशीच्या वाटेवर एरवी कुणाची गाडी उभी असते, कुणाची बाज पडलेली असते, कुणाचं सरपण रचलेलं असतं. त्या संध्याकाळी न सांगता सगळं आत जातं. गाव घटकाभर आपली वाट वेगाला देऊन टाकतं.

आता खरं बोलायचं तर आमचा बैल धावणारा नव्हेच. उदगीर, देवणी, भालकी, औराद हा देवणी जातीचा मुलूख. पूर्ण पांढरा तो बालंक्या, तोंडावर काळा तो वानेरा, अंगभर काळे पट्टे-ठिपके तो शेवरा. अंगानं भारी, काळ्या रानात खोल नांगर ओढणारा, आणि गाय दुधालाही बरी. शर्यतीचा बैल म्हणजे खिलार, सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या माळावरचा. देवणी हा ट्रॅक्टर आहे आणि खिलार ही मोटरसायकल. तरीही हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या जत्रेत जुनी माणसं देवणी बैलाची खूर आणि चाल अशी निरखून बघत की जणू उद्याच पळवायचाय.

घड्याळ आलं ते दुसरीकडं. विदर्भात शंकरपट सेकंदांवर मोजतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट जुना आणि नामांकित. तिथं बायकांनीही जोड्या हाकल्या आहेत. खेड, आंबेगाव, जुन्नरकडं घाट असतो. तिथं प्रत्येक गाडा एकटा सुटतो, पुढं घोडी धावते, आणि जो कमीत कमी सेकंदांत वर जाईल तो घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडं मात्र गाड्या एकदम सोडतात आणि गट, सेमीफायनल, फायनल अशा उतरंडीनं निकाल लावतात. या तीन पद्धतींत मला मोटारींच्या शर्यतीची सगळी बीजं दिसतात. एकट्यानं घड्याळाशी पळा, किंवा शेजारच्याशी पळा, किंवा दोन्ही करा. सगळीकडं खरी मेहनत आधीच्या आठवड्यात होते. दगड वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. काळ्या रानात तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल. आमच्या मातीत पट्टी धरणं म्हणजे मेलेलं इंजिन चालू करण्यापेक्षा अवघड.

अमेरिकेतल्या पोरांनाही हाच प्रश्न पडला होता. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातली मेकॅनिक पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून त्या सुकलेल्या तळ्यांच्या तळावर पळवत. म्युरॉक नावाचं एक तळं त्यांचं लाडकं. मैलोन्मैल सपाट, फरशीसारखा तळ. १९३८ साली तिथं संघटित शर्यती भरल्या. मग लष्करानं ते तळं घेतलं, आणि १९४७ साली त्याच भागाच्या आकाशात चक येगर नावाच्या वैमानिकानं आवाजाचा वेग ओलांडला. वेगाची जागा वेगानंच घेतली, पण पोरांच्या हातून गेली. पोरं मग रस्त्यावर आली, रात्री, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत. लोक मेले, वर्तमानपत्रांनी झोडलं, पोलिसांनी पकडलं.

सोडवणूक झाली ती युद्धाच्या उष्ट्या जमिनीवर. महायुद्धासाठी देशभर धावपट्ट्या बांधल्या होत्या आणि युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या. १९४९ साली गोलेटा इथल्या विमानतळाजवळच्या रस्त्यावर परवानगीनं सरळ शर्यत झाली. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या पट्टीवर सी. जे. हार्ट नावाच्या माणसानं तिकीट लावून दर आठवड्याला शर्यती भरवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संस्था काढली. त्यांचा मुद्दा सोपा होता: पोरं पळणारच आहेत, तर त्यांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर न्या, नियम लावा, गाडी तपासा. १९५५ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंडला घेतली. तीही युद्धातल्या बाँबफेकी विमानांच्या पट्टीवर. मोटारींच्या खेळात एवढं शहाणपणाचं पाऊल दुसरं कुणी उचललेलं मला तरी आठवत नाही.

पोराला मी शर्यत कशी लागते तेही सांगितलं, कारण त्याच्या डोक्यात नुसता अ‍ॅक्सिलरेटर होता. आधी मागचं चाक पाण्यावर नेऊन जागेवर फिरवायचं. धूर निघतो, लोक टाळ्या वाजवतात. पण ते टाळ्यांसाठी नसतं. टायर तापला की रबर चिकट होतो, वरची धूळ जळते. मग हळूच रेघेवर यायचं. तिथं दिव्यांचा खांब असतो. १९६३च्या आधी तिथं माणूस झेंडा घेऊन उभा राही आणि उडी मारून इशारा देई. त्या साली खांब आला आणि पक्षपाताची भांडणं मिटली. खांबाच्या माथ्यावरचे छोटे दिवे चाक किरणात आलं की लागतात. त्याखाली तीन पिवळे, मग हिरवा, तळाला लाल. साध्या शर्यतीत पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदानं एकामागून एक लागतात. सराईतांच्या शर्यतीत तिन्ही एकदम लागतात आणि चार दशांश सेकंदानं हिरवा येतो. हिरवा बघून जो निघाला तो तिथंच हरला. डोळ्यातून डोक्यात, डोक्यातून हातात जायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या पिवळ्यावरच सुटावं लागतं. जरा आधी सुटलात तर लाल, आणि खेळ खल्लास.

गंमत अशी की तुमच्या धावेचं घड्याळ दिवा लागल्यावर चालू होत नाही, तुमचं चाक किरणातून हललं की चालू होतं. म्हणून असं घडतं की ज्याची धाव जास्त सेकंदांची, तोच जिंकतो, कारण तो आधी निघालेला असतो. हे ऐकून पोरगा पहिल्यांदा गप्प झाला.

मग पहिले साठ फूट. शर्यतीचा जाणकार शेवटचा वेग बघत नाही, या साठ फुटांचा वेळ बघतो. क्लच किती सोडला, वजन मागच्या चाकावर किती गेलं, हवा किती कमी ठेवली, यावर सगळं ठरतं. चाक घसरलं तर ताकद जमिनीत न जाता धुरात जाते. चाकाला पकड जास्त मिळाली तर दुचाकीचं तोंड आभाळाकडं होतं. पट्टीवर म्हणून मुद्दाम चिकट द्रव फवारतात, रबर घासतात. म्हणजे मशागत इथंही आहेच.

आता मघाशी मी रेघेपलीकडची जमीन मागितली ती कशासाठी, ते ऐका. अमेरिकेतल्या सगळ्यात जोरकस वर्गाच्या गाड्या चार सेकंदांच्या आत पट्टी संपवतात आणि ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातात. मागं पॅराशूट उघडून त्यांना थांबवतात. २००८च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा या दोन वेळच्या विजेत्याच्या गाडीचं इंजिन रेघेपाशी पोचताना फुटून पेटलं. गाडी आवरली नाही, पट्टी संपली, आणि तो गेला. त्यानंतर या गाड्यांचं अंतर पाव मैलावरून हजार फुटांवर आणलं. वर्षानुवर्षांचा पाव मैल मोडला तो जमीन पुरेना म्हणून. गाड्यांचा वेग दर वर्षी वाढत होता, पण रेघेपलीकडच्या मोकळ्या रस्त्याची लांबी बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली होती.

आपल्या देशातही गोष्ट धावपट्टीवरूनच सुरू होते. मद्रासजवळच्या शोलावरमला महायुद्धातली पट्टी पडून होती. १९५०च्या दशकात मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिथं शर्यती सुरू केल्या आणि पुढं तीसेक वर्षं ते देशातलं या खेळाचं पंढरपूर झालं. कलकत्त्याकडं बराकपूर, मुंबईत जुहू, तिथंही विमानांच्या जागेवर मोटारी धावल्या. १९९० साली क्लबनं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो पहिला भारतीय. करुण चंडोक २०१०ला. एक कोइमतूरचा, एक चेन्नईचा. एकाचे वडील रॅलीचे विजेते. दुसऱ्याच्या घरात आजोबांपासून हा खेळ. लोक म्हणतात रक्तात होतं. असेल. पण त्या घरांपासून पट्टी गाडीनं जाता येण्याजोगी होती, हे कोण बोलणार?

महाराष्ट्रात कोल्हापूरनं हे ओळखलं. तिथं मोहित्यांनी रेसिंगचा ट्रॅक बांधला, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं होऊ लागल्या, आणि कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक इंग्लंडात ब्रिटिश एफ-थ्री मालिकेपर्यंत गेला. कुस्तीच्या गावात तालमीची किंमत कळते, ट्रॅकचीही कळली. सरळ शर्यतीसाठी मुळशीच्या डोंगरात अ‍ॅम्बी व्हॅलीची खासगी धावपट्टी आहे. तिथं 'व्हॅली रन' भरली की मुंबई-पुण्याच्या महागड्या गाड्या पाव मैल पळतात. बंगळूरचा हेमंत मुद्दप्पा दुचाकीवर तेवढंच अंतर आठ सेकंदांच्या आत तोडतो आणि पुन्हा पुन्हा राष्ट्रीय विजेता होतो. तो आमच्याच राज्याचा, पण ठाणाकुशनूरहून बंगळूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. १९५६ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं महाराष्ट्राच्या बाजूला गेलं. औराद, भालकी, हुमनाबाद इकडं आलं. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. तेव्हापासून आमची राजधानी आम्हाला लांबच आहे.

धावपट्टी बिदरलाही आहे. पण ती ओस पडलेली नाही, हवाई दलाची आहे. कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाची विमानं तिथून उडतात, आणि आमची पोरं शेतात उभी राहून मान वर करून बघतात. या जिल्ह्यात वेग वरून जातो.

हैदराबादला तो एकदा जवळ आला होता. २०२३च्या ११ फेब्रुवारीला हुसेनसागराच्या काठानं रस्ते अडवून विजेवरच्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. आमच्याकडून काही पोरं बघायला गेली आणि परत येऊन गाड्यांचा आवाज कसा येतच नाही तेच सांगत बसली. त्याच वर्षाअखेर सरकार बदललं आणि पुढच्या वर्षीची शर्यत रद्द. त्याआधी ग्रेटर नोएडाचा मोठा ट्रॅकही २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन बघून कराच्या वादात थंडावला. उसन्या रस्त्यावर आणि उसन्या मर्जीवर खेळ रुजत नाही.

बैलांचंही मधल्या काळात हेच झालं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. माझ्या ओळखीचे सगळे चिडले. मी अर्धाच चिडलो. पराणी टोचणं, शेपटी पिरगाळणं, चावणं हे चालत होतं, आणि ज्यानं बघितलंय त्यानं नाही म्हणू नये. २०१७ साली महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानं आपापले कायदे दुरुस्त केले. कर्नाटकात नाव कंबळाचं, म्हणजे चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीचं झालं, पण त्यात बैलगाडीही होती. महाराष्ट्रातली शर्यत तरी अडकूनच पडली. १६ डिसेंबर २०२१ला न्यायालयानं मुभा दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं कायदे कायम केले. आता जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, सगळं कागदावर. वॉली पार्क्सनं मोटारींना लावलेला नियम बैलांना सत्तर वर्षांनी लागला म्हणायचा.

पण त्या सात वर्षांत एक पिढी मोठी झाली. ज्यांच्या बापांनी कासरा धरला त्यांनी हँडल धरलं. उदगीरच्या रस्त्यावर रात्री दुचाक्यांच्या पैजा लागतात हे मला पोलिसांच्या आधी कळतं, कारण सकाळी वाकलेले फोर्क माझ्याकडं येतात. कधी फोर्क येतो आणि मालक येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरांना त्याची भीती नाही. त्यांना पट्टी द्या, मग दंडाचं बोला, हे मी ठाण्यावरच्या साहेबांनाही ऐकवलंय. त्यांनी चहा पाजला.

तर त्या पोराला मी रस्ता सांगितला तो असा. एफएमएससीआय ही मोटार शर्यतींची देशाची संस्था. तिचा परवाना नसेल तर नोंद झालेली कुठलीच शर्यत खेळता येत नाही. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. मोटार चालवायची असेल तर आधी कार्ट, मग फॉर्म्युला एलजीबीसारखी एका बैठकीची गाडी. तिला १३०० सीसीचं स्विफ्टचं इंजिन असतं, सगळ्यांना सारखंच, म्हणून माणूस कळतो. दुचाकीवर सरळ पळायचं असेल तर राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धेत साध्या, कारखान्यातून निघालेल्या गाड्यांचेही वर्ग आहेत. हेल्मेट, चामडी पोशाख, हातमोजे यांत कसर नाही. शर्यतीआधी गाडीची तपासणी होते आणि एक सैल नट सापडला तरी घरी पाठवतात.

त्यानं विचारलं, "आणि आत्ता काय करू?" निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ माणसं घेऊन मोटारसेवा काढली, तेव्हापासून आमच्या मुलखात ड्रायव्हर ही इभ्रतीची नोकरी. जुन्या मोटारवाल्यांत रीत होती: आधी क्लीनर, मग चाकं, मग गिअरबॉक्स, आणि मालकाच्या मनात आलं तर स्टिअरिंग. मीही हैदराबादला असाच शिकलो. त्याला म्हणलं, माझ्याकडं ये, पगार थोडा, शिव्या फार.

तो येतो. सायलेन्सर अजून जुनाच आहे. सध्या त्याला क्लच प्लेटा दिल्यात. साठ फुटांचं सगळं तिथंच आहे. एका ट्रॅक्टरची त्यानं परवा उघडली ती अजून बसली नाही, आणि पेरणी तोंडावर आलेला त्या ट्रॅक्टरचा मालक सकाळपासून मला फोन करतोय.